झेंडा कोणाच्या हाती

सन्माननीय अध्यक्ष योगेंद्रभाऊ, प्रमुख पाहुणे तोतारामजी, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती दिपमालाताई आणि चार वाजल्यापासून ताटकळलेल्या बंधू-भगिनींनो,

कार्यवाह म्हणून मी गोड बोलावं, अशी अपेक्षा आहे. माफ करा, आज ते जमणार नाही. मला किळस आली आहे, आणि सर्वात जास्त माझी स्वतःची.

मानपत्रात छापलंय, ताईंनी मॅरेथॉन पूर्ण केली. साफ खोटं! आपल्या शुश्रूषा केंद्राच्या या परिचारिकेने नशिराबादपासून पारोळ्यापर्यंत दारोदार फिरून निधी जमवला, चार महिने पहाटे धावण्याचा सराव केला. पण त्या दिवशी त्या एक पाऊलही धावल्या नाहीत. का, ते मानपत्रात कोण छापणार?

केंद्रातले अभिमनआबा म्हणाले होते, "ताई, माले तुन्हं पयनं देखनं शे." शेवटचे दिवस होते त्यांचे. सहाला शर्यत सुटणार, ताईंना धावताना बघून आबा परत जाणार, सातला त्यांचं वेदनेचं औषध. साधा हिशेब होता.

पण झेंडा पाहुण्यांच्याच हातून हलायला हवा ना! पाहुणे आले साडेआठला. तोवर आबा खुर्चीत. फोटोत पुढच्या रांगेत रुग्ण हवा, असं समितीत ठरलं होतं. ठरवणारा मीच. ताई दोनदा त्यांना न्यायला आल्या. दोन्ही वेळा मी म्हणालो, "पाचच मिनिटं, ताई."

आबा खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. शेवटी म्हणाले, "ताई, आते सहन व्हत नही."

ताईंनी छातीवरचा नंबर काढून माझ्या हातात ठेवला, आबांना रिक्षात घातलं आणि गेल्या. मागून आम्ही बँड वाजवला. चौथ्या दिवशी आबा वारले. ताईंचं धावणं त्यांनी पाहिलंच नाही.

यातून आम्ही काय शिकलो? आजचा चारचा कार्यक्रम साडेपाचला सुरू झाला. तोतारामजी, रागावू नका, आपलीच वाट बघत होतो. आता सव्वासहा झालेत. साडेसहाला केंद्रात औषधं द्यायची असतात, कपाटाची किल्ली ताईंच्या कमरेला आहे, आणि अजून तीन भाषणं बाकी आहेत.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर पोटात घाला.

ताई, शाल-श्रीफळ राहू द्या. तुम्ही उठा. रिक्षा दारात उभी आहे. आज पाच मिनिटं थांबा असं कोणी म्हणणार नाही.