शंभर टक्के एसटी

चहा होऊ द्या, मग सांगतो माझी गाडी रोज उन्हात का तापते ते. कळंबला आमच्या कॉलेजात पोरं दर महिन्याला वार्तापत्र काढतात. त्यात समीनानं बातमी दिली, 'आपले शंभर टक्के विद्यार्थी एसटीनं येतात.' प्राचार्यांनी ती वाचली. मग गाड्यांना शेड कशाला, म्हणून तिथं मोडके बाक भरले.

मी समीनाला बोलावलं. "अगं, विचारलंस कुठं?"

"गेटसमोरच्या बसथांब्यावर, सर. उतरलेल्या एकालाबी सोडलं न्हाय."

"तिथं दुसरं काय सांगणार ते? जरा दुसरीकडं जाऊन विचार."

पोरगी लई कष्टाळू. पुढच्या अंकात ठळक मथळा, 'एसटीनं आता कुणीच येत नाही!'

"आता कुठं विचारलंस, बाई?"

"शेडबाहेर, सर. गाड्या लावणाऱ्यांना."

मी तसाच प्राचार्यांकडं गेलो. ते डेपोला फोन लावून सांगत होते, "आमच्या गेटसमोर बस थांबवू नका, कुणी येतच न्हाय."

मी खुर्चीत बसलो. म्हटलं, "सर, निदान शेडमधले बाक तरी काढा."

"घाई नको," ते म्हणाले. "पुढचा अंक बघून ठरवू."