शुद्धलेखन तपासून घ्या

बायको : ...आणि ते दार, बँकेचं! त्यावर काय लिहिलंय माहितीये? 'ढकला'! अहो, वीस वर्षं मी ते दार ओढतेय. वीस वर्षं! आतला रखवालदार दर वेळी उठून यायचा नि मला आत घ्यायचा. मला वाटायचं, माणूस फार अदबशीर आहे.

पेंटर : अगं, तो ब्रश सांभाळ. ओला आहे. आणि दम घे जरा. कुठून धावत आलीस?

बायको : वाचत वाचत आले. कोपऱ्यापासून इथपर्यंत एकही बोर्ड सोडला नाही. 'येथे वाहने लावू नयेत.' 'जुने फर्निचर विकत घेऊ.' 'कुत्र्यापासून सावध.' त्या कुत्र्याच्या घरात मी रोज निर्धास्त हात घालून फाटक उघडते हो!

पेंटर : वाचत आलीस म्हणजे? तू तर गुडघ्याच्या व्यायामाला गेली होतीस.

बायको : गुडघा ठणठणीत आहे.

पेंटर : काय?

बायको : कधी दुखलाच नाही. सहा महिने मी साक्षरता वर्गाला जातेय. ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत, दुपारी दोन ते चार. आम्ही अकरा जण आहोत. सगळ्यात धाकटा चाळीसचा.

पेंटर : आणि मी रोज सकाळी तुझ्या गुडघ्याला तेल चोळत होतो!

बायको : चोळत होतात, बरं वाटत होतं. म्हणून तर बोलले नाही.

पेंटर : पण चोरून कशाला जायचं? मी नाही म्हटलं असतं का?

बायको : लाज वाटायची. नवरा रोज चहासोबत पेपर वाचून दाखवतो आणि बायकोला आपलं नाव लिहिता येत नाही. ते जाऊ दे. आज काय झालं ते ऐका. बाई म्हणाल्या, पुस्तकं मिटा, आज रस्ता वाचायचा. निघालो सगळे रांगेनं. औषधाचं दुकान वाचलं, भांड्यांचं वाचलं, मग आलो सलूनपाशी. तो सलूनवाला माझ्या मागच्याच बाकावर बसतो.

पेंटर : तो? त्याला वाचता येत नाही?

बायको : आता येतं की. छाती फुगवून म्हणाला, माझा बोर्ड मी वाचणार. नवा कोरा आहे, पंधरा दिवस झाले लावून. आणि लागला मोठ्यानं वाचायला. 'दाढी. कटिंग. मालिश.' आम्ही टाळ्या वाजवल्या. मग खालची ओळ. 'शुद्धलेखन तपासून घ्या, नंतर कटकट नको.'

पेंटर : ...काय नको?

बायको : कटकट! अहो, मला वाटलं त्याचं चुकलं. मी वाचलं, तेच. बाईंनी वाचलं, तेच. पिवळ्यावर लाल, प्रत्येक अक्षराला काळी सावली दिलेली. बाई हसून हसून विजेच्या खांबाला टेकल्या. सलूनवाला तर रस्त्यातच बसला मांडी घालून. पंधरा दिवस गिऱ्हाइकं हसत हसत आत येत होती आणि ह्याला वाटत होतं, आपल्या हाताला काहीतरी गुण आलाय.

पेंटर : चिठ्ठीत होतं ते तसंच. त्याच्या जावयानं लिहिलेली चिठ्ठी होती. गिऱ्हाइकानं दिलं ते पेंटरनं काढायचं, त्यात माझी काय चूक?

बायको : मी कुठं चूक म्हटलं? तो म्हणाला, पेंटरना सांगा, बोर्डाला हात लावायचा नाही, धंदा दुप्पट झालाय. अहो, तुमचा चेहरा का उतरला? गंमतच आहे ना ती? बघू, हा आजचा कुणाचा? केवढा सुरेख निळा लावलाय.

पेंटर : दातांच्या डॉक्टरचा. पाच वाजता न्यायला येणार आहेत. तू जा आता वर, चहा टाक.

बायको : थांबा, वाचू तरी द्या. 'दंत'... जोडाक्षर आहे, ते शेवटी घेते. 'सकाळी दहा ते एक.' बरोबर. 'संध्याकाळी पाच ते आठ.' 'ही ओळ जरा मोठी काढा.' ...अहो.

पेंटर : चहा टाक म्हटलं ना.

बायको : 'रविवारी बंद. निळा चालेल, पण फार गडद नको.' अहो! हे पण? तुम्ही एकदा वाचलं नाहीत का काढताना?

पेंटर : काय वाचणार? मला वाचता येत नाही.

बायको : काहीतरीच.

पेंटर : कधीच येत नव्हतं. लहानपणी एका पेंटरकडे डबे धुवायला राहिलो, तिथं अक्षरं काढायला शिकलो. जसा कुणी फुलं काढतो तशी. मापात, तोलात. कुठलंही समोर धर, हुबेहूब काढून देतो. पण ती काय म्हणतात, ते मला ऐकू येत नाही.

बायको : आणि इतकी वर्षं?

पेंटर : धंद्यात जोडीदार होता ना. चिठ्ठी तो घ्यायचा, काढायचं तेवढं खडूनं खूण करून द्यायचा. महिन्यापूर्वी लेकीकडे राहायला गेला. म्हटलं, निभेल.

बायको : पण लग्न ठरवताना तुमच्या आई म्हणाल्या होत्या...

पेंटर : 'मुलाचं अक्षर मोत्यासारखं आहे.' त्यात खोटं काय होतं?

बायको : आणि पेपर? रोजचा पेपर?

पेंटर : फोटो बघून जुळवायचो.

बायको : माकडानं बस चालवली ती?

पेंटर : बसचा फोटो होता. माकड माझं.

बायको : समुद्रात पियानो सापडला आणि आत माशाचं कुटुंब राहत होतं?

पेंटर : ते जरा जास्त झालं होतं, कबूल आहे.

बायको : देवा रे! मी ते हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात सगळ्यांना सांगितलंय! चादरींना इस्त्री करता करता आठ बायकांनी त्या माशांची नावं ठेवली होती! आणि अहो, माकडाची बातमी मी दोन-तीन महिन्यांपूर्वी शोध शोध शोधली. तुम्ही बोट ठेवलं होतं तिथं नळदुरुस्तीची जाहिरात होती. मला वाटलं, मलाच अजून वाचता येत नाही. रडले हो मी वर्गात. बाईंना म्हटलं, माझं नाव काढून टाका, मला काही जमायचं नाही.

पेंटर : रडलीस?

बायको : रडले. बाई म्हणाल्या, अजून दोन महिने बसा. बसले. म्हणजे मला येत होतं! तेव्हाच येत होतं!

पेंटर : आता हसतेस काय?

बायको : मग काय करू? एक वाचता येत नाही म्हणून चोरून शिकते, दुसरा वाचता येत नाही हे लपवायला रोज पेपर वाचून दाखवतो! चला, उठा. पाचाला वीस मिनिटं आहेत. रंग कधी लावलाय?

पेंटर : दुपारी. टर्पेंटाइननं निघेल अजून. कुठली ओळ? बोट ठेव.

(दोघंही चिंध्या घेऊन बोर्डावर ओणवी. दारावर टकटक.)

डॉक्टर : पेंटर, जरा लवकरच आले. झालाय का माझा... हे काय? 'निळा चालेल, पण फार'?

बायको : माझ्यामुळे झालं, डॉक्टर. मीच मघाशी हात...

पेंटर : तिचं काही नाही. माझं चुकलं. तुम्ही चिठ्ठीत मला जे सांगितलं होतंत, तेही मी बोर्डावर काढलं. मला वाचता येत नाही, डॉक्टर.

डॉक्टर : येत नाही म्हणजे? शाळेसमोरची ती एवढी मोठी भिंत तुम्हीच रंगवलीत ना? तुमचं ते 'ळ' बघायला मी गाडी हळू करते.

पेंटर : बघून काढतो. कळत नाही. आज पहिल्यांदा कुणाला सांगतोय. म्हणजे, हिला दहा मिनिटांपूर्वी सांगितलं.

डॉक्टर : बरं. पण मग माझ्या वेळा बरोबर आहेत, हे कुणी पाहिलं?

पेंटर : ही वाचेल.

बायको : मी? डॉक्टरांसमोर?

पेंटर : मघाशी सगळा रस्ता वाचत आलीस की.

बायको : थांबा हं. पदर सावरू द्या. 'सकाळी दहा ते एक. संध्याकाळी पाच ते आठ. रविवारी बंद.' आणि वर... 'दंत'... 'चि', 'कि'... कुणी सांगू नका. अजिबात सांगू नका.

डॉक्टर : नाही सांगत. सावकाश.

बायको : 'चिकि... त्सा'. 'चिकित्सा... लय'. 'दंतचिकित्सालय'!

पेंटर : बरोबर?

डॉक्टर : अगदी बरोबर. मी स्वतः हा शब्द लिहिताना दोनदा खोडला होता.

बायको : अहो, ऐकलंत? डॉक्टरांनी दोनदा खोडला!

डॉक्टर : आणखी एक लहान बोर्ड हवाय मला. आत, खुर्चीच्या समोर, पेशंटला दिसेल असा. 'घाबरू नका', एवढंच. चिठ्ठी लिहून पाठवू?

पेंटर : चिठ्ठी नको. तोंडी सांगितलंत, झालं. आमच्याकडे आता लिहिणारं माणूस आहे.

डॉक्टर : छान. हा वाळला की उद्या नेते. आणि पेंटर, सलूनचा तो बोर्डसुद्धा तुमचाच का?

पेंटर : ...माझाच.

डॉक्टर : काल फक्त तो वाचून मी नवऱ्याला केस कापायला आत ढकललं. येते मी.

बायको : गेल्या. अहो, गेल्या! वाचला मी त्यांच्यासमोर, आख्खा! आणि तुम्ही? माझी चूक म्हणून मी सारवायला निघाले होते, तर तुम्ही सगळंच सांगून मोकळे झालात.

पेंटर : छातीवरचा दगड होता गं. आता हातसुद्धा हलके वाटतायत. हे बघ, उद्या तुमच्या बाईंना विचार, बारावा चालेल का.

बायको : चालेल का म्हणजे? सलूनवाला तुम्हाला मांडीवर घेऊन बसेल.

पेंटर : खडू घे तो. ह्या काळ्या पत्र्यावर लिही.

बायको : 'घाबरू नका' ना?

पेंटर : ते मग. आधी तुझं नाव लिही.

बायको : माझं कशाला? तुमचं लिहिते.

पेंटर : माझं मला येतं, सहीपुरतं पाठ केलंय. गावभर सगळ्यांची नावं काढली. डॉक्टर, वकील, शिंपी, कोण कोण. तुझं कधी काढलं नाही. कसं दिसतं तेच माहीत नव्हतं. लिही.

बायको : हसायचं नाही हं. माझं अक्षर तुमच्यासारखं नाही... हे घ्या.

पेंटर : एवढंच?

बायको : एवढंच. तीन अक्षरं.

पेंटर : अगं, पण ही तर सगळी माझ्या हातची आहेत. हे पहिलं मी औषधाच्या दुकानावर काढलंय. हे मधलं शाळेसमोरच्या भिंतीवर. आणि हे शेवटचं तर कुठं नाही? मग इतक्या वर्षांत मला तू एकदाही कशी दिसली नाहीस?

बायको : अशी शेजारी शेजारी कधी बसलीच नव्हती ना ती अक्षरं.