आईने न पाहिलेली प्रसिद्ध ठिकाणं

आजच्या समारंभाचे माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, आपली ही सहल कंपनी एका जुन्या बसवर उभी करणारे मोठे साहेब, समोर बसलेले ड्रायव्हर, गाईड आणि बुकिंगच्या खिडकीवरचे सहकारी, आणि पहिल्या रांगेत मांडीवर पुष्पगुच्छ घेऊन अवघडून बसलेल्या आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या सर्वांच्या स्वयंपाकाच्या काकू, म्हणजे माझी आई. सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

सत्कारमूर्तींना 'अहो' म्हणायची पद्धत आहे. मी आईला जन्मात 'अहो' म्हटलेलं नाही आणि आज म्हटलं तर ती मागे वळून बघेल, हे कुणाला म्हणतेय म्हणून. तेवढी सूट अध्यक्षांनी द्यावी.

आपल्या कंपनीची ओळख काय आहे? हा एवढा मोठा देश पहिल्यांदाच बघायला येणाऱ्यांसाठीची मोठी सहल. जाहिरातीत जी चित्रं असतात, तीच ठिकाणं: धबधबा, राजाचा महाल, मोठा घुमट, कड्यात कोरलेला दगडी पुरुष. पाहुणे सकाळी आत जातात आणि दुपारी दमून, भुकेले होऊन बाहेर येतात. ते बाहेर येतील तेव्हा पानं वाढलेली असायला हवीत. म्हणून स्वयंपाकाची गाडी पार्किंगमध्ये थांबते, आणि गाडीत आई. तिच्या आयुष्यातली किती वर्षं अशा पार्किंगमध्ये गेली, हे मघाशी व्यवस्थापकांनी सांगितलंच. ड्रायव्हरकाका म्हणतात, देशातल्या कुठल्या प्रसिद्ध ठिकाणी नळाला पाणी कधी येतं ते सरकारला माहीत नसेल, काकूंना असतं.

ठिकाण कसं आहे हे आईला ताटांवरून कळायचं. पाहुणे गप्प बसून जेवले, तर आत काहीतरी मोठं बघून आलेत. भाजीत मीठ कमी आहे म्हणाले, तर ठिकाण आवडलेलं नाही. हा नियम चुकलेला मी अजून पाहिला नाही.

लहानपणी आई सहलीवर गेली की मी मावशीकडे असायचे. आई परत आली की पिशव्या दारातच राहायच्या आणि मी आणि मावशीची मुलं तिला घेराव घालायचो. सांग, काय पाहिलंस? मग ती सांगायला बसायची. धबधब्याचा आवाज एवढा मोठा की तिथे नवरा-बायको भांडू शकत नाहीत, दोघं कंटाळून हात धरतात. महालात आरसेच आरसे, माणूस स्वतःलाच 'जरा सरका' म्हणत पुढे जातो. घुमटाखाली बोललेलं सात वेळा परत येतं, म्हणून तिथे कुणी कुणाला शिवी देत नाही. आणि दगडी पुरुषाच्या पायाच्या अंगठ्यावर आपली अख्खी बस उभी राहील. मावशी आतून ओरडायची, "जरा कमी फेक, पोरं खरं मानतात." आई म्हणायची, "मानू दे. खर्च येतो का त्याला?"

हे सगळं तिने कुठून आणलं होतं, हे मला खूप नंतर कळलं. ताट हातात घेऊन पाहुणे गाडीच्या मागे उभे राहायचे आणि बोलायचे. कुणी अर्धं सांगायचं, कुणी हातवारे करायचं. उरलेलं आई भांडी घासता घासता जुळवायची. पण मी ते खरं मानलं. शाळेत मानलं, कॉलेजात मानलं. आमच्या घरात मी पहिली पदवीधर. सगळे विचारतात, भूगोलच का घेतलास? काय सांगणार? आमच्या घरी भूगोल जेवणाआधी मिळायचा.

मी या कंपनीत गाईड म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच बैठकीत एक मागणी केली होती. ज्यांच्या हातचं जेवून लोक हा देश बघतात, त्यांनी तो बाहेर उभं राहून का ऐकावा? स्वयंपाकाच्या गाडीतल्यांनाही आळीपाळीने आत सोडा. मला वाटलं होतं, वाद घालावा लागेल. मी मुद्दे पाठ करून गेले होते. मोठे साहेब म्हणाले, "बरोबर आहे, मला आधी का नाही सुचलं?" माझे मुद्दे तसेच राहिले. त्यानंतर गाडीतले सगळे एकेक करून आत जाऊन आले. फोटो काढून आले. आई गेली नाही. कधी दूध तापत होतं, कधी गुडघा दुखत होता, कधी 'पुढच्या खेपेला'.

आणि मी पहिल्यांदा ही ठिकाणं पाहून आले, तेव्हा आईने मला एकदाही विचारलं नाही, कसं होतं गं? ज्या बाईला नवा झाडूसुद्धा कुठून घेतला, केवढ्याला घेतला हे विचारल्याशिवाय राहवत नाही, तिने हे विचारलं नाही.

आपल्याला माहीत आहे की निवृत्त होणाऱ्याला कंपनी मोठ्या सहलीत पाहुणा म्हणून एक जागा देते. पुढच्या महिन्यातली ती सहल माझ्याकडे आहे. गेल्या आठवड्यात आईने व्यवस्थापकांना परस्पर सांगून टाकलं की माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या. मी चिडून घरी गेले. ती शेंगा सोलत बसली होती. मी पुष्कळ बोलले. हक्काबद्दल बोलले, कष्टाबद्दल बोलले. तिने ते सगळं ऐकून घेतलं आणि मान वर न करता म्हणाली,

"आत गेले आणि मी सांगितलं तसं नसलं, तर? तू लहानपणापासून माझं ऐकून तिथवर गेलीस. मग मी काय, तुला थापाच मारल्या म्हणायच्या?"

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. पदवी असून सुचलं नाही. म्हणून ते आज इथे देते. एकट्यात दिलं असतं तर तिने विषय बदलून भांडी काढली असती. इथे तिला पहिल्या रांगेतून उठता येणार नाही.

आई, तू सांगितलंस तसं ते नाही. मी खोटं बोलणार नाही. अंगठ्यावर बस मावत नाही, फार तर दोन माणसं दाटीवाटीने बसतील. आवाज तीनदा परत येतो, तिसऱ्यांदा तर नीट ऐकूही येत नाही. महालात आरसे मोजकेच आहेत आणि तेही डागाळलेले. धबधब्यापाशी मी स्वतः एका जोडप्याला भांडताना पाहिलं आहे, आणि चांगलं स्पष्ट ऐकू येत होतं.

पण ऐक. कॉलेजच्या पुस्तकात त्या घुमटाची मापं दिली होती. वर्गातल्या इतरांसाठी ते नुसते आकडे होते. ते आकडे ठेवायला माझ्या डोक्यात आधीपासून एक घुमट होता, तू बांधलेला. तो मापात चुकला असेल. पण तो नसता तर मी ते पान उलटून पुढे गेले असते. याला जर थापा म्हणायचं असेल, तर मी ज्या शिक्षणाचा एवढा अभिमान बाळगते, ते त्या थापांवर उभं आहे. मला त्याची लाज वाटत नाही. तूही वाटून घेऊ नकोस.

तू तपासायला येऊ नकोस. बघायला ये. जिथे तुझं चुकलं असेल तिथे आपण दोघी उभ्या राहू आणि हसू. आणि दोन-चार ठिकाणी तुझंच बरं होतं असं मला वाटतं, तिथे तूही मला दुजोरा दे.

एक मिनिट. आई काहीतरी म्हणतेय. जरा शांतता राखा, मला ऐकू येत नाही.

ती विचारतेय, "आणि मग जेवणाचं कोण बघणार?"

तिच्या जागी आलेल्या ताईंनी मागे हात वर केला आहे. सभागृहाने एवढीच नोंद घ्यावी की आईने प्रश्न विचारला, 'नको' म्हणाली नाही.

आपण सर्वांनी माझ्या आईला इतकी वर्षं मान दिलात, तिच्या हातचं आवडीने खाल्लंत आणि आज माझं घरचं बोलणं इतक्या शांतपणे ऐकून घेतलंत, याबद्दल मी आपली ऋणी आहे. मोठ्या माणसांसमोर बोलण्याची मला सवय नाही. कुठे शब्द कमी-जास्त झाला असेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल, तर आपलीच मुलगी समजून पोटात घालावं. आणखीही पुष्कळ बोलायचं होतं, पण थांबते. आई खुणेने खिडकीची जागा मागतेय, आणि ती दुसऱ्या कुणाला जायच्या आत मला व्यवस्थापकांना गाठायचं आहे.