गणूदादाची बुडी

हसताय तुम्ही, पण त्या दिवशी कुंडलिकेच्या काठावर माझं काय झालं होतं ते मलाच ठाऊक. आमच्या अष्टमी गावासाठी अँब्युलन्स घ्यायची म्हणून मीच टूम काढली होती. गणूदादाने नदीत बुडी मारायची आणि तो जितके सेकंद पाण्याखाली राहील, तितकी देणगीदारांची देणगी वाढायची. दादाचा जन्म बुड्या मारून बादलीने रेती काढण्यात गेलेला. म्हटलं, याच्यापेक्षा भरवशाचा माणूस कोण?

दादा खाली गेला. पहिलं मिनिट टाळ्या पडल्या. दीड मिनिटाला टाळ्या थांबल्या. सगळ्यात मोठे देणगीदार म्हणजे धाटावच्या एका कंपनीतले साहेब. ते माझा दंड धरून म्हणाले, "अहो, दुप्पट देतो, पण त्याला वर काढा!"

म्हटलं, माणूस बुडालाच, तर न्यायचा कशातून? अँब्युलन्ससाठीच तर हा खटाटोप!

मी दादाच्या बायकोकडे धावलो. ती काठावर बसून निवांत सुपारी कातरत होती.

"वयनी, दादा अजून वर नाय आला!"

"येतील ओ. रिकाम्या हातानं कवा वर आलेत ते?"

तेवढ्यात दादा धापा टाकत वर आला, उघडाबंब. बनियनला गाठ मारून त्यात रेती ठासून भरली होती. ती त्याने माझ्या पायाशी ओतली आणि वर मलाच झापलं, "बादली नको द्यायला? किती येळ लागला!"