पीचच्या भिंतीवरची निळी चिंधी

मोंत्रईच्या बसथांब्यावर नादेज रांगेत उभी होती. तिच्यापुढे एक म्हातारा होता आणि गावाहून आलेली त्याची बहीण.

"सोलांज, आयफेल टॉवर काय, सगळं जगच बघतं. तू माझं ऐक. सकाळी व्हॅन्सेनचा किल्ला, दुपारी मार्न नदीच्या काठी जेवण आणि संध्याकाळी आपल्या पीचच्या भिंती."

"भिंती नकोत, रेमों."

"अगं, त्या भिंतींना टेकवून वाढवलेल्या झाडांचे पीच राजाच्या ताटात जायचे!"

"तिथे जिल्बेर्त असते ना, पाहुण्यांना माहिती सांगायला? त्या चोरटीचं तोंडही बघायचं नाही मला. तुझ्या अंगणात उन्हात टाकलेला माझा निळा कोट नेला तिनं. शेजारीण म्हणे!"

"वीस वर्षं झाली त्याला."

"म्हणून काय झालं?"

"त्या वर्षी फांद्या भिंतीला खिळवायला चिंध्या कमी पडल्या होत्या."

"मग?"

"लोकरीची चिंधी बरी. फांदीला काचत नाही."

"रेमों!"

नादेजची बस आली आणि गेली. ती जागची हलली नाही.

"वीस वर्षं तोंड शिवलं होतंस का?"

"तू आलीस की सांगणार होतो."

"तिच्यामुळेच तर येत नव्हते मी! तिला ठाऊक आहे?"

"पहिल्याच दिवशी ओळखला तिनं कोट. भिंतीच्या माथ्यावरच्या कौलाखाली एक चिंधी अजून आहे. दर रविवारी पाहुण्यांना दाखवते. म्हणते, ही माझ्या मैत्रिणीच्या कोटाची."

"मैत्रिणीच्या?"

"तसंच म्हणते."

"आज वार कोणता?"

"रविवार."

"मग किल्ला राहू दे, मेल्या. आधी भिंत."