गोदाक्काचं देवाचं मीठ

हां, टाळ जरा खाली ठेवा. पेटीवाले, तुम्हीही बोटं मोकळी करा. मंडळी, एक विचारतो, खरं सांगायचं! नवस बोललात तुम्ही, तो फेडायचा कुणी? काय म्हणालात? 'जो बोलला त्यानं'? वा! सगळी शहाणीच माणसं बसलीत की इथं! मग ऐका.

डोंगरपट्ट्यात खैरवाडी नावाचं गाव. तिथं गोदाक्का राहायची. सोवळ्यात कडक, बोलण्यात त्याहून कडक! घरात तिघंच: गोदाक्का, मुलगा दिनकर आणि सून विमल. लग्नाला बरीच वर्षं झाली, पाळणा काही हलेना. एकदा दिवस राहिले, तेही तिसऱ्या महिन्यात गेले. गोदाक्का देवापुढं पदर पसरून म्हणाली, "देवा, नातवंड दे! तोवर माझ्या घरात साधं मीठ यायचं नाही. उपासाचंच मीठ, रोजच्या रोज!"

उपासाचं मीठ म्हणजे सैंधव हो! एकादशीला साबुदाण्यात घालता ना, ते गुलाबी खडे. घालता, आणि वर बटाट्याचा कीस, वेफर, शेंगदाण्याचे लाडू... असू दे, असू दे, मी कुणाकडं बघत नाही!

झालं! भाजीत सैंधव, आमटीत सैंधव, लोणच्यात सैंधव. विमल तेच रांधायची, तेच खायची. वर्षं गेली. पोरगी सुस्तावली. उन्हाळ्यातही थंडी वाजायची, केस गळायचे, भाकरी थापता थापता डोळे मिटायचे. गोदाक्का म्हणायची, "आळस भरलाय नुसता अंगात!"

आणि गळा? गळा भरत चालला. पोत रुतायला लागली. शेजारणी म्हणाल्या, "गोदाक्का, सून अंगानं भरली हो! गळा बघा कसा गोल झालाय!" गोदाक्का खूश! म्हणाली, "माझ्या घरचं अन्न मानवलं तिला." अहो, दुखणं गळ्याशी आलं होतं आणि ह्या बाया त्याचं कौतुक करत होत्या!

तशातच पुन्हा दिवस राहिले. गोदाक्काला आभाळ ठेंगणं! सुनेला घेऊन तालुक्याला गेली. डॉक्टरीणबाईंनी गळ्याला हात लावला, "घोटभर पाणी गिळ बरं." मग रक्त तपासलं. कागद बघून विचारलं, "आजी, घरात मीठ कोणतं?"

गोदाक्का ताठ मानेनं म्हणाली, "देवाचं!"

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, हा गलगंड आहे. गळ्यातल्या ग्रंथीला आयोडीन लागतं. किती? जन्मभराचं मिळून चमचाभर! पण थोडं थोडं, रोज लागतं. तुमच्या डोंगरातलं ते पावसानं धुऊन गेलंय, तुमच्या भाजीत येत नाही. मासे तुम्ही खात नाही. म्हणून तर साध्या मिठात घालून देतात. तुमच्या खड्यात ते नसल्यातच जमा. आणि पोटातल्या बाळाचा मेंदू त्याच्यावरच घडतो. मागचं मूल यानंच गेलं असं मी छातीठोक सांगत नाही. पण हे जपायचं तर आजपासून गोळ्या चालू, आणि मीठ बदला."

एसटीत गोदाक्का खिडकीकडं तोंड करून बसली. नवस मोडला तर देव मूल नेईल. पाळला तर मी माझ्या हातानं घालवीन. काय करावं बाईनं? तुम्ही काय केलं असतं? सांगा की!

स्टँडवर उतरली, दुकानातून साध्या मिठाची पुडी घेतली. घरी दिनकर बघतच राहिला. "आई, नवस मोडतेस?"

"नवस कुणी बोलला?"

"तूच की."

"मग तो हिच्या ताटात कसा गेला रे? हिला विचारलं होतं मी?" आणि ती कडक बाई सुनेचा हात धरून ढसाढसा रडली. म्हणाली, "विमल, चुकलं गं माझं. तुझं तोंड मी परस्पर देवाकडं गहाण टाकलं."

त्या दिवसापासून चुलीवर दोन भांडी. मोठ्यात साधं मीठ. छोटं गोदाक्काचं, त्यात सैंधव. देवाला म्हणाली, "शब्द मी दिला, पाळीन मीच." डॉक्टरीणबाई पुढच्या खेपेला तिच्यावरही रागावल्या, 'तुम्हालाही लागतं आजी!' पण ऐकते कसली!

विमलला मुलगी झाली. रडली तर तीन घरं पलीकडं ऐकू गेलं. विमलचा गळा पूर्ण उतरला नाही, गोळी अजून चालू आहे. सगळंच काही भरून येत नसतं.

आता मंडळी, आपल्याकडं येऊ! सुनेला सोळा सोमवार कुणी धरायला लावलेत? पोराला नोकरी लागावी म्हणून घरातल्या बाईचं एक वेळचं जेवण कुणी बंद केलंय? हात वर करू नका, मला कळतं कुणाची मान खाली गेली ते! उद्या देवळात यायच्या आधी तिच्याजवळ बसा. विचारा, 'बाई, तुला काय होतंय?' देव थांबतो हो, त्याला कुठं जायची घाई आहे? पोटातलं पोर थांबत नाही.

हं, धरा टाळ!