उगवतीकडचा गोल

माहा जलम तांड्यावरचा, दारव्ह्याच्या रस्त्यानं. बाप दुसऱ्याच्या वावरात, याडी म्हनजे माय, ते रस्त्याची गिट्टी फोडाले जाये, अन् मी तिसरीतूनच शाळा सोडली, त्याचं मले काही वाटत नाही, कारन शहरात आलो त मैदान भेटलं. तवा स्टेडियम कुठचं, काय सांगू तुम्हाले, बाभळी अन् काळी माती, अन् फुटबॉल खेळनारे आमी पंधरा-वीस जन. मी गोलकीपर. मैदान उगवत-मावळत होतं, म्हनून संध्याकाळी उगवतीकडच्या गोलात जो उभा राह्यला त्याच्या डोळ्यात सूर्य. फायनल होती. बॉल आला तो मले दिसलाच नाही, लोकं बोंबलले तवा समजलं. बायकोनं घरी इचारलं, आंधळे झालते काय? म्हनलं, हो.

पुढं मी मैदानावरच नोकरीले लागलो, अन् पयलं काम काय केलं असंन, त मैदान फिरवलं. खांब उपटले, उत्तर-दक्षिन गाडले, सुतळी तानून चुन्याच्या रेघा मारल्या. साहेब म्हने, काहून रे सकरू, कोनाले इचारलं? म्हनलं, सूर्याले इचारलं साहेब. हासला, राहू दे म्हने.

मंग कंपाउंड झालं, पायऱ्या झाल्या, छत झालं, सारं माह्या डोळ्यापुढं. अन् आता उत्तरेकडून दुकानाचे गाळे काढले, गाळ्याइनं मैदान खाल्लं, लांबी पुरेना. नवा इंजिनिअर म्हने, आजोबा, आडवं करू. म्हनजे पुन्हा उगवत-मावळत! मी रिटायर झालो, पन रेघा अजून मीच मारतो, दुसऱ्याची वाकडी जाते. म्हनलं, हे रेघ मी नाही मारनार. म्हने, मशीन आनतो. म्हनलं, आना ना बाप्पा.

मशीन काही आली नाही. संध्याकाळी पोरीइची मॅच होती, आता पोरीही खेळून राह्यल्या. उमरखेडच्या पोरी सकाळच्या यष्टीनं आलत्या, सावलीत बसून होत्या. रेफरी म्हने, रेघ नाही त मॅच नाही. माही नात आपल्या टीमची गोलकीपर, ते आली, म्हने, आजा, भांडन तुहं अन् इंजिनिअर सायबाचं, भोगाचं आमी काहून? म्हनलं, उगवतीकडं तूच उभी राहाशीन, बॉल दिसनार नाही तुले. म्हने, नाही दिसला त नाही दिसला, उभं त राहू दे.

चुन्याचा डब्बा उचलला. कंबर वाकत नाही, गुडघ्यावर सरकत सरकत मारली. जे मी मोडलं तेच माह्या हातानं मांडलं. पन सरळ मारली, राग होता म्हनून वाकडी नाही मारली, हे लिहून घ्या. तीन गोल खाल्ले पोरीनं, एक सूर्यापायी, दोन तिच्यापायी, मी खोटं सांगत नाही.

तवापासून दर मॅचले मीच मारतो. कोनाले समजावत नाही आता, थकलो. उगवतीकडच्या गोलात जो कोनी उभा राहीन, आपल्या गावचा का परगावचा, देव त्याच्या डोळ्याइले सांभाळो.